लीड कुंदा, फॉलो डोरोथी

मुलुंड (पूर्व)
६ जुलै २०२५

डोरोथी,

हातातलं काम ठेव आणि बस. मी डान्स शिकायला जाते आहे.

हसून झालं असेल तर पुढे वाच. रिटायर झाल्यापासून अनंत टीव्हीसमोर बसला तो बसलाच, आणि मला मात्र बसवत नाही. सकाळी सातपर्यंत सगळी कामं उरकतात आणि मग मी दिवसभर या खोलीतून त्या खोलीत. कपाटं उपसून लावली, पुन्हा उपसली. भजनी मंडळात गेले तर तिथे दोन तास मांडी घालून बसायचं. योगात डोळे मिटायला सांगतात, मी उघडून बघते बाकीच्यांनी मिटलेत का ते. अनंत म्हणतो, तुझ्या पायाला भिंगरी आहे. आहे तर आहे. शेवटी समोरच्या ब्लॉकमधली गंधाली म्हणाली, काकू, अंधेरीला स्विंग डान्सची वर्कशॉप्स चालतात, चला माझ्याबरोबर. घाटकोपरहून मेट्रो धरली आणि गेले.

स्विंग म्हणजे जोडीने नाचायचं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी शंभरएक वर्षांपूर्वी काढलेला नाच. एकाने न्यायचं, त्याला लीड म्हणतात. दुसऱ्याने त्याच्यामागून जायचं, तो फॉलो. आता ऐक माझं कर्म. वर्गात बायका ढीगभर आणि पुरुष बोटांवर मोजण्याइतके. शिकवणारी जोआना म्हणून गोड पोरगी आहे, तिने विचारलं, लीड कोण होणार? आणि तुला माहीत आहे, आपल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझरने 'कोण करेल' म्हटलं की माझा हात आपोआप वर जायचा. तसाच गेला. मनगटाला पिवळी पट्टी बांधली. मी आता पुरुष आहे.

त्याहून मोठी फजिती पुढे. नाचताना समोरच्याला पाय लागतोच. माझा लागला की मी थांबते, वाकते, त्याच्या पायाला हात लावून नमस्कार करते. सवय गं, आईने लावलेली. मागची जोडी माझ्यावर आदळते, तिच्यामागची तिच्यावर. पहिल्या दिवशी निम्मा वर्ग मी नमस्कारातच काढला. जोआना म्हणाली, आंटी, इथे पाय लागला तरी चालतो. म्हटलं, बाई, मला चालत नाही.

आता मुद्दा. तुझी निकोल मला घाटकोपरच्या मॉलमध्ये भेटली. जानेवारीत लग्न ठरलंय म्हणून सांगितलं आणि तिथेच तिचे डोळे भरले. म्हणाली, ग्रॅनी फक्त चर्चमध्ये येणार, रिसेप्शनला येणार नाही, नाचणार तर मुळीच नाही. हे काय ऐकते मी? तुझ्या मुलाच्या, डेल्रॉयच्या लग्नात तू आणि अर्बन नाचायला उतरलात तेव्हा व्याही दमले आणि नवरानवरी बघत बसली होती. अर्बन जाऊन दीड वर्ष होत आलं. त्याला विसर असं मी म्हणणार नाही. पण एकुलत्या नातीचं लग्न आहे.

फोन तू उचलत नाहीस. 'तीस वर्षं लोकांचे फोन जोडले, आता मला फोन नको' हे तुझं मला पाठ झालंय. मेसेज केला तर तो निकोल वाचते. म्हणून पोस्टाची पाकिटं आणली आहेत. जाब दे.

कुंदा


मरोळ गावठाण, अंधेरी (पूर्व)
१५ जुलै २०२५

कुंदा बाय,

तुझं पत्र वाचून एकटी हसले. बऱ्याच दिवसांनी.

स्विंग काय ते मला शिकवू नकोस. आमच्या गावठाणात लग्नाला, नामकरणाला, नाताळला जे जाइव्ह नाचतात, त्याचा तो आजोबा. मी सतरा वर्षांची असताना अर्बनने मला पहिल्यांदा नाचायला नेलं. माझा बाप दारात उभा राहून त्याच्या हातांकडे बघत होता, पायांकडे नाही. बापाला कळत होतं. पाय कसेही पडू देत, काम हाताचं. तू लीड झालीस म्हणून सांगते, समोरच्याला ओढायचं नाही. तू फाइलींचं कपाट सरकवल्यासारखी ओढत असशील, मी डोळ्यांसमोर आणू शकते. आणि तो नमस्कार तोंडाने कर, वाकू नको, कंबर धरेल.

माझं म्हणशील तर माझे गुडघे गेले. हल्लीचे बँड फार मोठ्याने वाजवतात, माझं डोकं उठतं. म्हणून रिसेप्शन नको. त्यात रुसवा काही नाही.

निकोलचा इयान मुलगा चांगला आहे असं सगळे म्हणतात. मला काय माहीत? माझ्याशी बोलताना पुटपुटतो आणि जमिनीकडे बघतो. पूर्वी असा नव्हता. ईस्टरपासून तर घरात येतो आणि पाच मिनिटांत जातो. आता निकोल म्हणते, लग्नानंतर बोरिवलीला भाड्याने राहणार. वरचा मजला अर्बनने तिच्यासाठी बांधला होता हे तुला माहीत आहे. तिचा बाप डेल्रॉय वसईला गेला तो गेला. आईबापांचं पटलं नाही तेव्हापासून पोर माझ्यापाशी आहे, दुसरीत होती तेव्हापासून. तिला वर ठेवायचं एवढं एकच आमच्या मनात होतं. असो. जाणाऱ्याला कोण धरून ठेवणार? मी काही बोलले नाही.

तुझ्या अनंतला सांग, टीव्ही जरा बंद कर.

डोरोथी


मुलुंड
१० ऑगस्ट २०२५

डोरोथी,

गुडघ्यांचं मला सांगू नकोस. निकोल म्हणाली तू रोज विहिरीपर्यंत जाऊन येतेस आणि वरच्या मजल्यावर जाऊन रिकाम्या खोल्या झाडतेस. रिकाम्या खोल्या रोज कोण झाडतं? 'जाणाऱ्याला कोण धरणार' म्हणे. तुझ्या मनात काय आहे ते मला दिसतंय. तिने जाऊ नये एवढंच तुला हवंय. मग तसं तिला सांगत का नाहीस? तुझ्या तोंडाला कुलूप कधीपासून लागलं?

अर्बनचं दुःख आहे म्हणून तू गप्प झालीस असं मी धरून चालले होते. पण आता वाटतं, तुला तो मुलगा पसंत नाही. नसेल तर नसेल, पण तसं स्पष्ट बोल. तुम्ही दोघी एकाच घरात राहून एकमेकांना कोड्यात टाकताय, आणि इथे मुलुंडला माझी झोप उडते. काल पहाटे उठून मी डब्यांना लेबलं लावली. आधी लावलेली होती ती काढून.

डान्सचं सांगते, नाहीतर तू म्हणशील ही भांडायलाच लिहिते. माझं काही धड होत नाही. जोआना थोड्या थोड्या वेळाने 'चेंज' म्हणून ओरडते आणि आपण पुढच्या माणसाकडे सरकायचं. कुणाला नाही म्हणायचं नाही, कुणाला धरून ठेवायचं नाही, असा तिथला रिवाज आहे. परवा माझ्या वाट्याला चंद्रप्रकाश आला. गोवंडीचा, चांगला दाराएवढा माणूस, इमारतींच्या साइटवर मुकादम. तो आपण होऊन फॉलो झालाय. मी विचारलं, का रे बाबा? म्हणाला, दिवसभर मी माणसं हाकतो, आठवड्यातून एकदा कुणीतरी मला न्यावं. त्याला मी खांबावर नेऊन आदळवलं. नमस्कार केला तर त्यानेही वाकून केला आणि डोक्याला डोकं लागलं.

जोआना म्हणते, आंटी, तुम्ही गाण्याच्या आधी पळता. मी म्हटलं, मी सगळ्याच्या आधी पळते.

३१ ला रविवार आहे. मी येते. तुझ्या पडवीत मला शिकव. तू मागून चाल, मी पुढे होते. नाही म्हणू नकोस, मेट्रोचं कार्ड भरून ठेवलंय.

कुंदा


मरोळ
२० ऑगस्ट २०२५

कुंदा बाय,

ये. जेवायलाच ये. मैद्याचे फुगे तळते आणि मटण करते, मसाला यंदाचा आहे. नाचाचं बघू. निकोल घरी असेल. तिच्यासमोर लग्नाचा विषय काढायचा नाही. आणि मुलगा मला नापसंत आहे असं मी कुठेही लिहिलेलं नाही.

डोरोथी


मुलुंड
२ सप्टेंबर २०२५

डोरोथी,

मटण फार झकास होतं. अनंतसाठी दिलेलं त्याने डबा पुसून खाल्लं. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तू पत्र फेकशील.

पडवीत आपण नाचलो. नको नको म्हणत उठलीस, आणि एकदा हात दिलास तर मला वाटलं, मला कधीपासून नाचता येतं. मी हात जरा उचलला की तू वळलेली असायचीस. माझा फोन खुर्चीवर गाणं वाजवत होता. मधेच अनंतचा फोन आला आणि गाणं बंद झालं. नुसता फोन थरथरत होता. मी थांबायच्या बेतात होते, पण माझे पाय चालू होते म्हणून तुझेही चालू राहिले. तू डोळे मिटून हसत होतीस. पडवीत आपल्या चपलांशिवाय आवाज नव्हता आणि तू नाचत होतीस.

मग मी एक वाईट काम केलं. तू आत वळलीस तेव्हा मागून म्हटलं, डोरोथी, दूध उतू जातंय. तू वळली नाहीस. आणखी मोठ्याने म्हटलं. तू ताटं काढत राहिलीस.

निघाले तेव्हा निकोल मला रिक्षापर्यंत सोडायला आली आणि रस्त्यातच रडायला लागली. तिने सांगितलं ते तसंच लिहिते. ईस्टरच्या दिवशी जेवणानंतर इयान तुझ्या स्वयंपाकघरात आला. तू सिंकपाशी भांडी घासत होतीस, दाराकडे पाठ होती. त्याने विचारलं, ग्रॅनी, मला निकोलशी लग्न करायचंय, तुमची परवानगी आहे का? तू मान वर केली नाहीस. त्याने पुन्हा विचारलं. तू नळ बंद केलास, हात पुसलेस आणि मागच्या दाराने अंगणात गेलीस. पोरगा तिथे उभाच राहिला. त्या दिवसापासून तो तुझ्यासमोर धड तोंड उघडत नाही. जिथे आपण नकोसे आहोत त्या घरात राहायचं नाही असं त्याने ठरवलंय. बोरिवलीचं कारण हे आहे. निकोल त्याच्या आणि तुझ्या मधे चेंगरली आहे. तुला विचारायची तिला भीती वाटते, कारण तू 'हो, नाही आवडत' म्हणालीस तर ती काय करणार?

मी तिला काही बोलले नाही. माझ्यासाठी हे केवढं आहे ते तुला कळेल. पिशवीतला फुगा काढून तोंडात कोंबला.

तुला ऐकू येत नाही, डोरोथी. कमी येतं असं नाही, येतच नाही. फोनचा तुला कंटाळा नाही, फोन तुला ऐकू येत नाही. त्या पोराने विचारलेलं तुझ्यापर्यंत पोचलंच नाही. हो की नाही तेवढं लिही. आणि निकोलला तू सांग, नाहीतर मी सांगेन.

कुंदा


मरोळ
९ सप्टेंबर २०२५

कुंदा,

माझ्या घरी जेवून माझ्या पाठीमागे माझी परीक्षा घेतलीस. निकोलला एक शब्द बोललीस तर आपली ओळख संपली. पत्र पाठवू नकोस. पडवीत नाचायलाही येऊ नकोस.

डोरोथी क्रियाडो


मुलुंड
२८ सप्टेंबर २०२५

डोरोथी,

आडनावासकट सही केलीस. पगाराच्या अर्जावरसुद्धा तू नुसतं डोरोथी लिहायचीस.

पाठवू नकोस म्हटलंस तरी पाठवते आहे. दुधाचं चुकलं. ते मी तुझ्यासमोर उभी राहून विचारायला हवं होतं. त्याची माफी मागते. बाकीच्याची मागत नाही.

कुणाला सांगितलेलं नाही. अनंतलाही नाही. पोटात ठेवून ठेवून माझंच पोट बिघडलंय. वर्गात जाते आणि बाहेरच्या पायरीवरून परत येते. परवा आत गेले तर जोआना म्हणाली, आंटी, आज तुमच्या हातात काहीच नाही, समोरच्याने काय वाचायचं? खरं होतं. मी तिथे नव्हतेच. मी तुझ्या सिंकपाशी उभी होते.

मला आठवतं गं. अख्ख्या एक्स्चेंजमध्ये तुझ्यासारखा कान कुणाचा नव्हता. 'हॅलो' म्हटलं की तू ओळखायचीस, हा चेंबूरचा डॉक्टर, ही सांताक्रूझची शाळा. साहेब लोक पाहुण्यांना तुझ्या खुर्चीपाशी आणून दाखवायचे. तो कान गेला हे म्हणायला जीभ रेटत नसेल. पण तू तोंड मिटून बसलीस तर तो मुलगा आयुष्यभर समजणार की या बाईने मला नाकारलं. निकोलही तेच समजणार. जानेवारीत ती त्या घरातून जाईल ती मनात हे घेऊन जाईल. तुला कानाची लाज सांभाळायची आहे की नात?

मला शिव्या दे, पण उत्तर दे.

कुंदा


मरोळ
४ नोव्हेंबर २०२५

कुंदा,

उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. परवा मृतांचा दिवस झाला, त्यानंतर राहवलं नाही.

इयानने ईस्टरला काय विचारलं ते मला तुझ्या पत्रातून कळलं. तो मागे उभा होता हेच मला माहीत नव्हतं. तुझं पत्र हातात घेऊन मी सिंकपाशी जाऊन उभी राहिले. मग दाराकडे तोंड करून उभी राहिले. दार रिकामं होतं. तुझ्यावर रागावले ते त्यामुळे. एवढ्या मोठ्या गोष्टीची बातमी मला मुलुंडहून यावी?

हो. येत नाही ऐकू. डावा कान आधी गेला, हेडफोन लावायचो तो. उजवा अर्बन असताना निम्मा होता. अर्बनला एकट्याला माहीत होतं. कुणी काही बोललं की तो माझ्याकडे तोंड करून तेच परत बोलायचा. 'काय म्हणतोस फादर, मिस्सा सातला?' 'काय म्हणतेस निकोल, परीक्षा संपली?' लोकांना वाटायचं म्हातारा बडबड्या झालाय. सगळ्यांनी त्याची चेष्टा केली आणि त्याने करू दिली. तो गेला आणि जग माझ्यासमोर नुसती तोंडं हलवायला लागलं. निकोलचं कळतं, ती हातवारे करते आणि काय बोलणार ते मला आधीच ठाऊक असतं. बाकीच्यांना मी मान हलवते. त्यांना वाटतं, दुःखात आहे.

डेल्रॉयला कळलं तर तो म्हणेल, बहिरी म्हातारी एकटी कशी राहणार, चल वसईला, घर बिल्डरला देऊ. ही एक भीती. दुसरी तू लिहिलीस तीच. तू बरोबर लिहिलंस म्हणून जास्त लागलं.

परवा आम्ही अर्बनच्या कबरीवर मेणबत्त्या लावायला गेलो. इयान आला होता. वारा होता, त्याने हाताचा आडोसा धरून एकेक मेणबत्ती लावली, माझ्यासाठी जागा पुसली. मग खाली मान घालून काहीतरी बोलला. मी मान हलवली. निकोलने माझ्याकडे असं बघितलं की मी घरी येऊन जेवले नाही. कशाला हो म्हटलं की नाही म्हटलं, मला माहीत नाही. विचारूही शकले नाही. बाय, असं राहणं म्हणजे रोज चोरी करण्यासारखं आहे.

एक सांगायचं होतं. अर्बनच्या हातातून मला गाणं कळायचं. शेवटची काही वर्षं मी बँड ऐकलेलाच नाही, त्याचा हात ऐकला. त्या दिवशी पडवीत तुझ्या हातातून थोडं कळलं. अर्बनएवढं नाही, तू घाई करतेस. पण कळलं. गाणं कधी थांबलं ते मात्र तू मला तेव्हा सांगितलं नाहीस.

सांगायला हवं हे मला पटलंय. रोज संध्याकाळी ठरवते, आज सांगते. निकोल घरी येते, मी चहा ठेवते, आणि राहून जातं.

डोरोथी


मुलुंड
२३ नोव्हेंबर २०२५

डोरोथी,

तुझं पत्र वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. अनंतने दार वाजवलं, गॅस बंद करू का विचारायला. बाकी त्याला काही विचारायचं नव्हतं. पण नंतर त्याने आपण होऊन टीव्ही बंद केला आणि शेजारी बसला, हेही लिहून ठेवते.

आता माझं ऐक. म्हणजे वाच. कानाच्या डॉक्टरकडे आपण गुरुवारी जाऊ. अनंत गाडी घेऊन तुझ्या दारात येईल. निकोलला सांग, कुंदाकडे लोणचं घालायला जाते. एवढं खोटं बोललीस, त्यात आणखी एक.

आणि रविवारी मी पडवीत येणार, नाताळपर्यंत दर रविवारी. रिसेप्शनला तू यायचं आणि माझ्याबरोबर नाचायचं. मी पुढे, तू मागून. मी गाण्यावर राहीन, घाई करणार नाही, जोआनाची शपथ. गाणं संपलं की तुझं मनगट दाबीन. जमलेल्यांना दिसू दे की डोरोथी आनंदात आहे. त्या पोरालाही दिसेल. मग बोलणं सोपं जाईल. बसून समोरासमोर सांगायला गेलं की जीभ अडते, नाचताना अडत नाही. वर्गात मला चंद्रप्रकाशने त्याच्या बायकोचं सगळं दुखणं नाचता नाचता सांगितलं. बाकावर बसला असता तर हवापाण्याचं बोलला असता.

कुंदा


मरोळ
१८ डिसेंबर २०२५

कुंदा बाय,

कानाचं मशीन आलं. शिट्टी मारतं. घातलं की ताटवाट्या कपाळावर आपटल्यासारख्या वाटतात आणि माणसं तशीच पुटपुटतात. डॉक्टर म्हणाला, सवय व्हायला महिने लागतील. सध्या ब्लाउजच्या कप्प्यात.

रिसेप्शनला येईन. माझ्या अटी: एकच गाणं. फक्त तुझ्याबरोबर. आणि हात सोडायचा नाही. हात सुटला तर त्या गर्दीत मी आंधळीही आहे असं समज. इयानला मी लग्न झाल्यावर शांतपणे सांगेन. घाई करू नकोस.

निकोलने बोरिवलीच्या जागेसाठी गादी पसंत केली आहे. मला फोटो दाखवला. छान आहे म्हटलं.

डोरोथी


मरोळ
१३ जानेवारी २०२६

कुंदा,

तू विश्वासघातकी बाई आहेस. हे पहिल्या ओळीत असायला हवं म्हणून लिहिलं.

रिसेप्शनहून तू लगेच पळालीस, अनंतची गाडी अडकली म्हणे. म्हणून सगळं लिहिते. डेल्रॉयने रात्रीच विषय काढला, मम्मी, आता तू एकटी राहायचं नाही. मी त्याला म्हटलं, तोंड माझ्याकडे कर, सावकाश बोल, मग भांडू. तो फेब्रुवारीत येणार आहे भांडायला. येऊ दे. निकोलचं कालचं ऐक. सकाळी वर गेली, खिडक्यांची मापं घेतली, पडद्यांसाठी, आणि कागद माझ्यासमोर ठेवून इयानबरोबर बाहेर गेली. मी तो कागद उलटा सुलटा करून बघत बसले.

आता त्या गाण्याचं. पहिलं अर्धं तू चांगलं नेलंस. मला वाटत होतं तू मधेच नमस्काराला वाकणार, पण माझ्या पायावर दोनदा पाय दिलास आणि सरळ राहिलीस. मला गाणं कळत होतं. अर्बन गेल्यापासून पहिल्यांदा मी लोकांच्या मधे होते आणि मला भीती वाटत नव्हती. मी तुला ते सांगणारच होते. तेवढ्यात तू तुझ्या वर्गातला तो 'चेंज' केलास. शेजारी निकोल आणि इयान होते. तू निकोलला धरलंस आणि माझा हात त्या पोराच्या हातात ठेवून वळून गेलीस. मी तुला शिवी दिली. मला वाटतं तीही सगळ्यांनी ऐकली असेल.

त्याचा हात घामाने भिजलेला. माझ्याहून जास्त तो घाबरला होता. आणि कुंदा, त्याला नाचता येत नाही. निकोल नंतर म्हणाली, बँड एकीकडे आणि तो भलतीकडे, त्याच्याबरोबर कुणाचा पाय नीट पडत नाही, तिचासुद्धा नाही. माझा पडला. मला बँड कुठे ऐकू येत होता? तो नेईल तशी मी गेले. तो चकित होऊन माझ्याकडे बघायला लागला. ईस्टरनंतर पहिल्यांदा त्याने माझ्या चेहऱ्याकडे सरळ बघितलं. ओठ दिसले. तो म्हणत होता, ग्रॅनी, तुम्ही कशा काय?

तेव्हा सांगून टाकलं. शांतपणे, लग्नानंतर वगैरे राहिलं बाजूला. म्हटलं, इयान, मला ऐकू येत नाही. एक अक्षर नाही. तू ईस्टरला माझ्या पाठीमागे उभा राहून विचारलंस ते मला सप्टेंबरात पत्रातून कळलं. कबरीवर काय बोललास ते अजून कळलेलं नाही. तू मला नको होतास म्हणून मी गेले नाही रे, मला वाटलं स्वयंपाकघरात मी एकटी आहे.

तो थांबला. चांगला उंच मुलगा, तोंड लहान मुलासारखं झालं. मीही रडत होते, लपवलं नाही. म्हटलं, आता परत विचार. तोंड माझ्याकडे कर आणि विचार.

सकाळी चर्चमध्ये लग्न लागून गेलेलं. अंगठी त्याच्या बोटात, माझ्या बोटांना लागत होती. त्याने माझे दोन्ही हात धरले, वाकून चेहरा माझ्यासमोर आणला आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, ग्रॅनी, मी निकोलशी लग्न करू का?

मी म्हटलं, कर.

मला वाटलं, मी ते त्याच्या कानात म्हटलं. निकोल म्हणते, बाहेर रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांनी वळून बघितलं.

डोरोथी